सूतभरचं इंजिन

साडूचा आवाज कानावर पडला की सूतभरच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि दोघांच्या खोल्यांमध्ये भिंत एकच. पलीकडे साडू खोकला की अलीकडे हा ताट सरकवून उठायचा.

"अहो, सर्दी झालीय भावोजींना," बायको म्हणायची. "माणसानं खोकायचंसुद्धा नाही का?"

"मुद्दाम खोकतो. मला ऐकू यावं म्हणून."

"आणि तुम्ही ऐकता."

"भिंत पातळ आहे," तो म्हणायचा, आणि जेवण तसंच टाकून अंगणात जाऊन बसायचा.

सूतभर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. लेथवर बसणाऱ्या माणसाला एवढं माप म्हणजे मैदानच, पण दाराची चौकट असो, टेबलाचा पाय असो की न्हाव्याने कापलेली मिशी, कशाकडेही बघून तो एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "सूतभर कमी आहे." मग नाव पडायला कितीसा वेळ लागतो? मी त्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होतो. सव्वीस वर्षं त्याला आत जाताना आणि बाहेर येताना पाहिलं. त्याच्यासारखं काम करणारा दुसरा पाहिला नाही आणि त्याच्यासारखा राग जपणाराही.

कापड रंगवायचा कारखाना होता आमचा. रंगखात्याला वाफ लागे आणि ती मागच्या अंगाला असलेल्या जुन्या बॉयलरमधून येई. बॉयलरचा मुख्य माणूस म्हणजे हा साडू, सूतभरच्या मेहुणीचा नवरा. परवाना त्याच्या नावावर, वाफ त्याच्या हुकमावर, आणि कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की तो येण्याआधी त्याचा आवाज यायचा.

दोघांत अबोला पडला तो सासऱ्यांच्या घरी जेवताना. साडू सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "लेथवरचं काम म्हणजे काय हो? लोखंड सोलायचं. बटाटे सोलणारी बाईसुद्धा करील." सूतभरने पाण्याचा पेला खाली ठेवला. "आणि बॉयलरवाल्याला काय लागतं? एक काडी." बस, एवढंच. तिथून पुढे तेरा वर्षं दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. बहिणी बोलायच्या, एकाच नळावर धुणं धुवायच्या. निरोप त्यांच्या तोंडून इकडून तिकडे जायचे आणि जाता जाता थोडे मऊ व्हायचे, म्हणून तर त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना संसार टिकले.

अबोल्याला दोन वर्षं होत आली तेव्हा ती गोष्ट घडली. बॉयलरच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. वाफेचा दाब हद्दीबाहेर गेला की आपोआप उठून तिला वाट देणारं ते झाकण. आमच्या बॉयलरचा व्हॉल्व्ह जुन्या पद्धतीचा होता, आणि मागच्या बाजूला, भट्टीसमोरून न दिसणारा. झाकणावर आडवी दांडी, दांडीच्या टोकाला झाकण दाबून धरणारं वजन. तो झिजला म्हणून सूतभरने नवा करून दिला. चार महिन्यांनी एका सकाळी दाब वाढत गेला, व्हॉल्व्ह उठला नाही, बॉयलरच्या तोंडाचं पॅकिंग फुटलं आणि समोर खोरं घेऊन उभ्या असलेल्या भट्टीवाल्याच्या उजव्या हातावर वाफ आली. मनगटापासून खांद्यापर्यंत.

भट्टीवाला म्हणजे सूतभरचा जिवाभावाचा माणूस. दुपारच्या सुट्टीत दोघांचा डबा एक. चौकशी झाली. साडूने लिहून दिलं की व्हॉल्व्हची बैठक, म्हणजे झाकण टेकतं ती जागा, घट्ट झाली होती, म्हणून तो अडकला, म्हणजे चूक लेथवाल्याची. सूतभर एवढंच म्हणत राहिला, "माझा व्हॉल्व्ह बरोबर होता." याच्यापुढे एक शब्द नाही. सही असलेल्या कागदापुढे एवढ्या एका वाक्याचं काय चालणार? त्याला लेथवरून उठवलं आणि स्टोअरच्या खिडकीत बसवलं, खिळे, स्क्रू आणि पुसायच्या चिंध्या द्यायला.

अकरा वर्षं तो त्या खिडकीत बसला. भट्टीवाला दर आठवड्याला चिंध्या न्यायला यायचा. तोंड दुसरीकडे करून उभा राहायचा, डावा हात पुढे करायचा. उजवा हात सदऱ्याच्या लांब बाहीत. चिंध्या घ्यायचा, निघून जायचा. सूतभरला साडूच्या खोकल्याने जेवण जात नसे, पण या डाव्या हाताने त्याची झोप जायची. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं, नळावर; मीही त्याच वस्तीत राहायचो.

वाफेवर चालणारं छोटं इंजिन करायचं त्याने ठरवलं ते या हातासाठी. तेव्हा तो मला म्हणाला होता, "त्याला दाखवायचंय. बाकी जग गेलं उडत."

एका जुन्या पुस्तकात त्याला चित्र सापडलं होतं. रेल्वे नुकती जन्माला आली तेव्हाचं इंजिन. आडवं पिंपासारखं बॉयलर, पुढे उंच धुराडं, बॉयलरच्या पाठीवर उभे रोवलेले दोन सिलिंडर, चार मोठी चाकं, आणि चालवणाऱ्याला ना छप्पर ना बसायला जागा. पुढे इंजिनं देखणी झाली, वेगवान झाली, पण सूतभरला हेच हवं होतं, कारण याच्या पाठीवर तोच जुना दांडीचा आणि वजनाचा व्हॉल्व्ह होता.

लेथ तर हातून गेलेला. त्याने बायकोच्या शिवणयंत्राचा पायाने चालवायचा सांगाडा घेतला आणि त्यावर घरचा लेथ बसवला.

"माझं मशीन!" बायको ओरडली.

"वरचा भाग तुझ्याकडेच आहे की."

"हो, आता डोक्यावर धरून शिवते!"

साडेचार वर्षं लागली. बॉयलर तांब्याच्या नळीचं, कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत भरेल एवढं लांब. आतून आग जाण्यासाठी दुसरी नळी, सांधे चांदीच्या डाकाने, म्हणजे वितळवलेल्या चांदीच्या तारेने, भरलेले. डाक द्यायचा म्हणजे तांबं चेरीसारखं लाल होईपर्यंत तापवायचं आणि नेमक्या क्षणाला तार टेकवायची. क्षण चुकला की सांधा फसला. दोन बॉयलर अशी फसली आणि त्याने ती स्वतःच्या हाताने कापून टाकली. चाकांना बारा-बारा आरे, प्रत्येक आरा कानशीने घासलेला. दट्ट्या असा की सिलिंडरमध्ये सोडला तर आपल्या वजनाने हळूहळू उतरायचा, आणि वरचं तोंड अंगठ्याने दाबलं तर मधेच थांबायचा. ते दाखवताना त्याचा चेहरा बघावा! जगात आपल्याला कोणी काही देणं लागत नाही, असा चेहरा. पलीकडून खोकला आला की तो चेहरा मिटायचा.

त्या वर्षी कारखान्याला पन्नास वर्षं झाली. साहेबांनी जाहीर केलं की कामगारांनी घरी केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन कँटीनच्या हॉलमध्ये भरवायचं. सूतभरने नाव दिलं. पण कारखान्याचा नियम असा की आवारात वाफेची कुठलीही वस्तू पेटवायची तर परवानावाल्या माणसाने आधी ती तपासली पाहिजे आणि पेटल्यावर शेजारी उभं राहिलं पाहिजे. परवानावाला एकच होता.

तपासणीच्या दिवशी मी मुद्दाम बॉयलरखान्यात गेलो. छोट्या बॉयलरची तपासणी थंड पाण्याने करतात. सगळी भोकं बुचांनी बंद करून आत पाणी कोंडायचं आणि रोजच्या दुप्पट दाब द्यायचा. इंजिन चालणार चाळीस पौंडांवर, तर तपासणी ऐंशीवर. साडू पंपापाशी, सूतभर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आणि मधे बिचारा कारकून.

"कारकूनसाहेब, त्यांना विचारा, ऐंशीला भीती वाटत असेल तर साठावर थांबू."

"त्यांना सांगा, नियमात लिहिलंय तेवढं द्या. वाचता येत असेल तर."

"ते म्हणतात की..." कारकून सुरू झाला.

"ऐकलं मी. बहिरा नाही."

"मग मला कशाला उभं केलंय मधे?"

"साक्षीला," दोघेही एकदम म्हणाले, आणि एकाच वेळी बोललो याचा दोघांनाही संताप आला.

काटा ऐंशीवर गेला. अर्धा तास तिथेच. साडूने बॅटरी घेतली, आरसा घेतला, प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच निघाला. त्याने सही केली ती पेनाने कागद फाटेल इतक्या जोराने. "फुटणार नाही," तो कारकुनाला म्हणाला. "चालेल की नाही ते मात्र विचारू नका."

त्यानंतरच्या सुट्टीच्या दुपारी बायको सूतभरच्या पुढ्यात चहा ठेवायला गेली, तर टेबलावर दोन व्हॉल्व्ह. दोन्ही वाटाण्याएवढे, दोन्ही पितळी, बघायला जुळे.

"दोन कशाला?"

"एक माझा. एक त्याच्यासाठी."

मग त्याने सुई घेतली आणि दुसऱ्या व्हॉल्व्हच्या आरशासारख्या बैठकीवर टेकवली. हात पुढे जाईना. सुई ठेवली, पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा डोळे मिटून त्याने आडवा ओरखडा काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने जाणूनबुजून वाईट काम केलं होतं. ओरखडा असलेला व्हॉल्व्ह वेळेच्या आधीच वाफ सोडतो, सारखा फुसफुसत राहतो. चांगला व्हॉल्व्ह त्याने कापसात गुंडाळून काड्यापेटीत ठेवला. चहा तसाच गार झाला.

प्रदर्शनाला अख्खा कारखाना लोटला. कोणी काड्यांचा पूल केला होता, कोणाच्या बायकोने भरतकामाच्या उशा. पण गर्दी होती ती टेबलं जोडून मांडलेल्या रुळांभोवती. सूतभरने हरभऱ्याएवढे फोडलेले कोळसे चिमट्याने आत सोडले. धुराड्यातून निळसर धूर आला, बॉयलर आतल्या आत कुजबुजू लागलं. साहेब समोर. साडू शेजारी, हाताची घडी घालून. भट्टीवाला मागे, भिंतीला टेकून. येणार नाही असं वाटलं होतं, पण आला होता.

काटा वर चढला. वीस, पंचवीस, बत्तीस. चौतिसावर व्हॉल्व्ह फुसफुसू लागला. काटा तिथेच अडकला. बारीक गरम तुषार उडाले ते नेमके साडूच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"आंघोळ घालतंय हो साडूला!" मागून कोणीतरी ओरडलं. हॉल हसला.

"धावणार ना हे?" साहेबांनी विचारलं.

"दाब धरत नाही," साडू म्हणाला. "धावतंय कसलं."

सूतभरने रुमाल काढून हात पुसले आणि एक पाऊल मागे सरकला.

"अहो, परवाना तुमच्याकडे आहे, करा काहीतरी!" आणखी कोणीतरी म्हणालं.

साडूचा चेहरा लाल झाला होता. नजर साहेबांकडेच होती. पण त्याचा हात नजरेची वाट बघत थांबला नाही. तो कमरेकडे गेला, किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि जुडग्याची कडी व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकाला अडकवली. सवयीने, जसा माणूस घरात शिरताना टोपी खुंटीला अडकवतो.

फुसफुस थांबली. काटा चाळीस झाला, पंचेचाळीस, बावन्न. लोक टाळ्या वाजवू लागले. मग पुढच्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या, मग मागच्या. काटा साठावर गेला. साडूने लोक बघताहेत तिकडे पाहिलं आणि आपल्या किल्ल्या त्याला तेव्हा दिसल्या.

कोणी हललं नाही. सूतभरही नाही. भट्टीवाला भिंतीपासून सुटला, लोक बाजूला झाले. त्याने बाही वर केली, त्या आकसलेल्या, गुळगुळीत कातडीच्या उजव्या हाताने किल्ल्या उचलल्या आणि टेबलावर ठेवल्या. वाफ किंचाळत छताला गेली.

"बॉयलर मोठं असो की लहान," भट्टीवाला म्हणाला, "तू हे रोज करायचास?"

"रंगखात्याला वाफ पुरत नव्हती," साडू म्हणाला, आणि जे म्हणायचं नव्हतं ते आपण म्हणून बसलो हे त्याला कळलं. तो साहेबांकडे वळला. "साहेब, याचा व्हॉल्व्ह बघा की! गळका आहे. तेव्हाही असलाच केला होता."

"तेव्हा घट्ट होता म्हणून लिहून दिलंस," सूतभर म्हणाला. "आज गळका म्हणतोस. काय ते एक ठरव."

तेरा वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य. कारकून मधे नव्हता.

पण साहेब विचारात पडले. "व्हॉल्व्ह गळत होता हे खरं आहे, सूतभर. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं."

सूतभरने खिशातून काड्यापेटी काढली. आग ओढून बाहेर काढली, बॉयलर निवायची वाट पाहिली, व्हॉल्व्ह बदलला. पाऊण तास गेला. बरेच लोक उशा बघायला गेले. साहेब थांबले, भट्टीवाला थांबला. साडूही थांबला, हाताची घडी तशीच. पुन्हा कोळसे, पुन्हा कुजबुज. तीस, पस्तीस, एकोणचाळीस, आणि एक थेंबही नाही. काटा चाळीसच्या लाल रेघेला टेकला आणि छोटं झाकण टक् करून उठलं.

साडू घड्याळाकडे पाहावं तसं काट्याकडे पाहून म्हणाला, "कारकूनसाहेब, त्यांना सांगा, सूतभर उशिरा उठला."

कोणी हसलं नाही.

अशा इंजिनाला पहिला धक्का हाताने द्यावा लागतो आणि ज्या बाजूला द्याल त्याच बाजूला ते जातं. सूतभरने बोटाने ढकललं. दट्टे वरखाली झाले, धुराड्यातून फक् फक् करत पांढरे गोळे निघाले आणि ते लहानसं जनावर आपल्या पायांनी टेबलाच्या टोकापर्यंत चालत गेलं. साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा उचलून स्वतःच्या खिशात टाकला. "सोमवारपासून तुमचा लेथ," ते सूतभरला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरला कुलूप मागायला गेलो होतो, म्हणून पुढचं मी स्वतः ऐकलं. खिडकीशी भट्टीवाला आला. तोंड दुसरीकडे नव्हतं. उजवा हात त्याने खिडकीच्या फळीवर ठेवला. सूतभर उठून उभा राहिला. अकरा वर्षं या घडीची वाट पाहिलेला माणूस. त्याचे ओठ हलले, पण आधी भट्टीवाला बोलला.

"तो व्हॉल्व्ह तू मुद्दाम गळका केलास."

"हो. तुला दिसावं म्हणून."

"त्याचा हात कुठे जाणार हे तुला माहीत होतं."

सूतभरने पुढ्यातल्या चिंध्यांची चळत सरळ केली.

"म्हणजे आधी पाहिलं होतंस. कधी?"

"बॉयलरच्या मागून चहाला गरम पाणी न्यायला यायचो तेव्हा." सूतभरचा आवाज खाली गेला. "दोनदा. किल्ल्या दांडीवर लटकलेल्या."

"माझा हात भाजायच्या आधी?"

"आधी."

"मग बोलला का नाहीस?"

"आमचा अबोला होता," सूतभर म्हणाला.

भट्टीवाला फळीवर वाकला.

"त्याच्याशी होता," तो म्हणाला. "माझ्याशी कुठे होता?"

त्याने उजवा हात फळीवरून उचलला, बाही मनगटापर्यंत ओढली. मग तोंड फिरवलं आणि डावा हात पुढे केला. सूतभरने चिंध्या दिल्या.

सोमवारी सूतभर लेथवर बसला. हात पूर्वीचाच, सुताच्या शंभराव्या हिश्शालाही न चुकणारा. साडूची बदली गोदामावर झाली. तो अजून भिंतीपलीकडे खोकतो, पण आता सूतभर ताट सरकवत नाही, बायको सांगते. खाली मान घालून जेवतो.

इंजिन त्याने एका संध्याकाळी भट्टीवाल्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. दुसऱ्या सकाळी भट्टीवाल्याने ते माझ्या फाटकात आणलं. "ज्याचं त्याला दे," म्हणाला. मी सूतभरला सांगितलं. तो म्हणाला, "माझं नाही ते. मी दिलंय." तेव्हापासून ते माझ्या खोपटातल्या फळीवर आहे, शेजारी काड्यापेटी, आत ओरखड्याचा व्हॉल्व्ह. भट्टीवाला पावणेसातला आत जातो, सूतभर सातला. फळीकडे दोघेही बघत नाहीत.

एकदाच सूतभर जाता जाता थांबला. एक डोळा मिटून आत पाहिलं.

"चाकांना तेल घालतोस का?"

"नाही बुवा. माझं आहे का ते?"

"घालत जा," तो म्हणाला. "गंजेल नाहीतर."

आणि आत गेला.